बद्रीनाथ मोटरवाला

— आत ये की, उंबऱ्यात काय उभी राह्यलीस? तूच ना बद्रीनाथ मोटरवाला? व्हय, तूच. मान कशाला हलवतीस, मी काय आंधळी हाय? बस पलंगावर. पर्समध्ये काय वाजलं — पाना? अगं माय, खरंच पाना घेऊन आली! पोरी, पाण्याची मोटर चालू हाय आमची, गल्लीतल्या मिस्त्रीनं परवाच नीट केली. तुला उगंच बोलावलं. उगंच म्हणजे — चहा घे आधी. उस्मानपुऱ्यातनं पडेगावला यायचं म्हणजे काय खाऊ हाय का, तोंड बघ कसं उतरलंय.

मी वच्छलाबाई, शिवमची आई. — बघा बघा, नाव घेतलं की कशी दचकली! मोटरवाले दचकत नसतात, बाई. आता ऐक. मोटर जळली तवा मला खरंच मिस्त्री पाहिजे होता. शिवमला म्हणलं, बाबा, तुझ्या फोनात बघ कुणाचा नंबर हाय का. फोन पाच महिने कपाटात बंद पडलेला, अपघात झाला तवापासनं. तिकडं डोंगरात फौजेची गाडी दरीत गेली — जीव वाचला, पण मागचं सगळं पुसलं. शाळा नाय, गाव नाय, फौजेत कधी गेला ते बी नाय. पण फोनला त्याचं बोट बराबर आठवलं, झटक्यात उघडला! तर हा बघत बघत थांबला अन् गालात हसला. काय रे, म्हणलं. तर म्हणतो, ‘हा बद्रीनाथ मोटरवाला लई गोड माणूस असंल. का वाटतंय ते ठाऊक नाय.’ आता साठी आली माझी — गोड मोटरवाला मी नाय पाह्यला कधी!

मीच लावला फोन. मिस्त्री एवढ्या बारीक आवाजात म्हणला ‘जयभीम’. मी बी म्हणलं, जयभीम दादा, मोटर जळली आमची, शिवमच्या घरची. तर तिकडनं हळूच — ‘ते कसे आहेत?’ आता मिस्त्रीनं मोटर कशी हाय ते विचारावं का माझा लेक? अन् वरनं ‘ते’! बायका कुणाला ‘ते’ म्हणतात, हे मला शिकवतीस व्हय गं? त्यानं तुझा नंबर ह्या नावाखाली लपवलाय हे तवाच कळलं, म्हणून तर मोटर बघायला ये म्हणलं. लाजू नको. खरं नाव काय तुझं? — करुणा? कुठं भेटलात? — रक्तदान शिबिरात? घ्या! रक्त द्यायला गेला अन् काळीज देऊन आला.

हसलीस, बरं वाटलं. आता वाईट ऐक. उद्या गंगापूरला त्याची सुपारी फोडायची हाय. आमचे थोरले दीर, काकासाहेब, त्यांनी ठरवलंय. शिवमला सांगितलं, तुझी सोयरीक आधीच ठरली होती — साफ खोटं! अन् तो बिचारा ‘बरं’ म्हणला. त्याला काय, कुणी बी काय बी सांगावं, त्यानं बरं म्हणावं. मला म्हणाले, ‘वच्छला, देवानंच पाटी कोरी केली, आता आपल्यातलीच पोरगी बघू.’ म्हणजे तुझं त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं हां. मला कोण सांगतंय?

अन् सांगितलं असतं तरी — खोटं कशाला बोलू, मी बी घर डोक्यावर घेतलं असतं. जात काढली असती, दोन दिवस जेवले नसते, तुला ह्या पलंगावर बसू दिलं नसतं. आता? आता हेवा वाटतो मला तुझा. व्हय, तुझाच! खोट्या नावाला बी तो हसला गं. अन् मी — दवाखान्यात डॉक्टर म्हणले, ‘ह्या तुमच्या आई’, तर उठून हात जोडले माझ्या लेकानं. ‘नमस्कार, बसा.’ बसा! अजून बी मला ‘तुम्ही’ म्हणतो. कप स्वतः विसळून ठेवतो, पाव्हण्यावानी. मी त्याला रागवत बी नाय, पाव्हण्याला कुणी रागवतं का? लई दुखतंय गं माझं. कुणाला सांगू, काकासाहेबांना?

— नाय, रडत नाय मी. डोळ्यांत वाफ गेली चहाची.

गच्चीवर हाय तो, टाकीपाशी. काकासाहेब संध्याकाळपर्यंत यायचे नाहीत. तू जा वर. त्याला नाव सांगू नको, फोटो दाखवू नको, नुसती समोर उभी राहा. तुला ओळखलं, तर मागच्या आठवणींचं दार उघडलं म्हणायचं, मग कधी ना कधी मी बी सापडंन त्याला. अन् नाय ओळखलं, तर — तर बी सुपारी मी फुटू देत नाय. त्यानं बघून, पारखून ‘बरं’ म्हणावं. माझ्या लेकाचं लग्न कुणी चोरून लावायचं नाय.

ओढणीनं पूस तोंड. चपला पायातच राहू दे, गच्ची तापलेली असती. हां, ह्या जिन्यानं. अन् पोरी — कुजबुजत बसू नका. मोठ्यानं बोला. मला खाली ऐकू आलं पाहिजे.

जा.