येण्याचं भाडं

विलायतेचा खर्च मला नका सांगू. भोरात वकिली करताना एकदा मांडून बसलोय मी तो. म्हादबा आले होते. त्यांचं गाव भाटघरच्या धरणात बुडालेलं. म्हणाले, “हितं कुनी ऐकंना. लंडनात जाऊन बादशालाच सांगतो. म्हैनाभर ऱ्हायला किती लागंल?”

आकडा ऐकून तरी नाद सोडतील म्हणून मी खोलीचं भाडं, जेवण, शेगडीचा कोळसा, बोटीचं जाण्या-येण्याचं भाडं, सगळं मांडलं.

“जेवान खोडा, पीठ नेतो. कोळसाबी खोडा, घोंगडं हाय.”

“तरी झेपायचं नाही, म्हादबा.”

“मग येन्याचं भाडं खोडा.”

“अहो, परत कसे याल?”

“कसं ते ऱ्हाऊ द्या, वकीलसायेब. कुठं येऊ, त्ये सांगा.”