आसारामची मान आन् केशरबाईची वाकळ

…अन् म्हनं फुकाट! काय फुकाट हाय हो त्यात? तुमाला सांगतो, ह्या फुकाटच्या गान्यापायी माझ्या मानेचा पार खुट्टा झालाय, ही बगा, हिकडं वळंना, तिकडं वळंना, खाली वर तर इचारूच नगा! तुमच्याकडं बगायचं तर अख्खा रामहरी फिरवावा लागतोय, बैलगाडी फिरवल्यावानी! आन् गळ्यात ह्यो पट्टा… ह्यो पट्टा कुनाचा हाय ते मागनं सांगतो, आत्ताच सांगितलं तर माझं डोकं फिरंल, आन् डोकं फिरवायचीबी सोय ऱ्हायली न्हाई.

झालं काय, शेवगावच्या व्यापाऱ्यांनी औंदा एक टूम काढली. मे महिन्यात दर शनिवारी, सांजच्याला, शाळेच्या मैदानात, उघड्यावर गान्याचा कार्यक्रम. तिकीट न्हाई, पास न्हाई, या आन् बसा. आमच्या गावात रिक्षा फिरली भोंगा लावून, "मोफत! मोफत! मोफत!" मी म्हनलं, ज्याला पैका पडत न्हाई त्यात कायतरी खोट असतीच, आपुन न्हाई जायचं. त्यात शनिवारचा माझा उपास, वर उन्हाचा हा कहर, आन् गानं काय असतं ते मला शेवगावला जाऊन कळायचंय व्हय? मिसरूड फुटल्यापास्नं आमच्या भजनात टाळ वाजवतोय मी!

मी बसलो घरी. आन् आसाराम गेला.

आसाराम म्हंजी आमचा शेजारी, भिंतीला भिंत. जल्म गेला साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्या मोजन्यात. त्याला गान्यातलं काय कळतंय? कारखान्याचा भोंगा झाला तर "वा, काय सूर लागलाय" म्हनंल त्यो! पन लेकानं गाडी घेतली ना, मंग काय, गाडीत घडीची खुर्ची टाकली, बायकू छबूबाई टाकली, आन् गेला म्होरं जाऊन बसला. मला नुसतं इचारलंसुदिक न्हाई, "रामहरी, येतोस का?" इचारलं असतं तरी गेलो नसतो, ती गोष्ट येगळी. पन इचारायचं का न्हाई मानसानं?

तर तिथं काय करत्यात, एक क्यामेरा असतोय. इहिरीतला गाळ काढायची यारी असती बगा, तसली लांबलचक दांडी, तिच्या टोकाला क्यामेरा, ती दांडी लोकांच्या डोक्यावरून फिरत ऱ्हाती आन् ज्याच्याम्होरं थांबंल त्याचं थोबाड स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर दिसतंय. पडदा केवढा? आमच्या गोठ्याच्या भिंतीएवढा! आन् त्यावर कोन दिसला पयल्याच शनिवारी?

आसाराम!

दुसऱ्या दिशी सकाळी आमची सून दिपाली मोबाईल घेऊन चुलीपाशी आली, "आत्या, बगा बगा, आसाराममामा पडद्यावर!" सासू-सुना डोक्याला डोकं लावून बगत बसल्या. मीबी बगितलं. म्हंजी बगायचं नव्हतं, पन चहा तिथंच हुता म्हनून गेलो. तर आसाराम आपला डोळं मिटून, खुर्चीत रेलून, मान हलवतोय… अशी… अशी… आता मला दाखवता येत न्हाई, तुमीच समजून घ्या. आन् आमची केशरबाई काय म्हनली ठाव हाय का?

"बगा तरी! आसाराम भावजी किती मन लावून ऐकत्यात!"

मन लावून!! तुमाला सांगतो, लगीन झाल्यापास्नं ह्या बाईनं माझ्यासाठी "मन लावून" हे दोन शब्द तोंडातनं काढल्यालं न्हाईत. ह्यो मानूस मन लावून जेवतो, मन लावून झोपतो, असंबी कधी म्हनली न्हाई! आन् त्या काट्यावाल्याला…? अवो, त्याची मान हलती! दोन वर्सं झाली, आपुआप हलती! डाक्तरनं पट्टा दिलाय त्याला, गाडीत बसताना घालायचा! त्यो गान्याला हलवत न्हाई, त्यो दळन आनायला गेला तरी हलवतो! मी हे सगळं केशरबाईला सांगितलं. तर म्हनती कशी, "तुमची हलत न्हाई म्हनून जळताय व्हय?"

आता घ्या! आन् म्हनं फुकाट!

दुसऱ्या शनिवारीबी आसाराम पडद्यावर. तिसऱ्या शनिवारीबी. त्या दांडीवाल्याला सवयच लागली, गानं जरा रंगात आलं की दांडी सरळ आसारामकडं. गावात त्याला "पडदेवाले आबा" म्हनाय लागले. न्हाव्याच्या दुकानात मी आधी बसल्यालो आसताना "या, या पडदेवाले आबा," म्हनून त्याची दाढी आधी केली! माझा अर्धा गाल साबनात!

तवा ठरवलं. आता एकच शनिवार ऱ्हायलाय, शेवटचा. जायचं. त्याच जागंवर बसायचं. आन् मान अशी हलवायची, अशी हलवायची, की केशरबाईनं सगळ्या गावासमोर म्हनलं पायजे… ते दोन शब्द. बाकी मला कायबी नगं हुतं.

मंग तयारी. आधी जागा हुडकली. दिपालीच्या मोबाईलात आसारामचा फोटू मोठा करून बगितला, तर त्याच्या मागं लिंबू-सरबताच्या गाड्याची पाटी दिसत हुती. म्हंजी गाडा मागं, स्टेज म्होरं, डाव्या अंगाला. जागा घावली. मंग पटका. म्हेवन्याच्या लग्नातला गुलाबी पटका काढला, पेटीत दबून चुरगाळला हुता, पन रंग असा की आंधळ्याला दिसावा, मंग क्यामेऱ्याला का न्हाई? आन् मंग मानेची प्रॅक्टिस. गोठ्यात म्हशीम्होरं उभा ऱ्हाऊन, डोळं मिटून, मान हळूहळू… म्हस आधी बगत ऱ्हायली, मंग तिनंबी मान हलवली. म्हनलं, हिला तरी कळतंय! तेवढ्यात केशरबाई शेणाची पाटी घेऊन आली, "अवो, मान आखडली का काय?" आन् मी व्हय-न्हाई म्हनायच्या आत बाम आनून अशी रगडली, अशी रगडली… डोळ्यातनं पानी! बामाचं हो!

आता जागा धरायची कशी? आमच्याकडं कीर्तन असू द्या, तमाशा असू द्या, रीत एकच. दुपारीच जाऊन गोनपाट न्हाईतर वाकळ आंथरून यायची. आंथरून जिचं, जागा तिची… जिचं म्हनजी ज्याचं! आत्ता उगं जीभ घसरली, पन ती का घसरली ते कळंल तुमाला. दुसऱ्याच्या आंथरुनाला कुनी पाय लावीत न्हाई, मग त्यो सरपंच असू द्या. मी गोनपाट काढलं. तर केशरबाई म्हनली, "गोनपाट कशाला? टोचंल. ही माझी वाकळ न्या, मऊ हाय. मी येते सांजच्याला बायांच्या जीपीत."

इथंच माझं नशीब फिरलं! पन मला काय म्हाईत?

निघालो भर उन्हात. गोरक्षचा टेम्पो टमाटे घेऊन चालला हुता शेवगावला, क्रेटवर बसलो, मांडीवर वाकळ, डोक्यावर पटका. गोरक्ष म्हनतो, "नाना, नवरीकडं चाललाय का नवरदेवाकडं?" मैदानात पोचलो तर चिटपाखरू न्हाई. मांडववाली पोरं बांबूच्या सावलीत झोपल्याली. सरबताचा गाडा बगितला, म्होरं मोजून-मापून वाकळ आंथरली आन् मधोमध बसलो. खाली जमीन तापल्याली, वर सूर्व्या, पोटात उपास, आन् सकाळची साबुदाण्याची खिचडी कवाच जिरल्याली! मांडवातलं एक पोरगं उठून आलं, म्हनलं, "बाबा, कार्यक्रम सांजच्याला हाय." मी म्हनलं, "ठाव हाय." "मंग आत्ता का बसलाय?" "बसलोय फुकाट!" तुमीच सांगा, दुसरं काय सांगायचं?

उन्हं कलली. लोकं याय लागली. वाकळीकडं बगायची, मला बगायची, वळसा घालून जायाची. मी आपला राजावानी! पन तहान, तहान किती काढायची? जिभंला कोरड पडली. पान्याचा टँकर मैदानाच्या पार त्या कोपऱ्यात. म्हनलं, वाकळीला कोन पाय लावतंय? तरी खूण असावी म्हनून पायतान काढलं, वाकळीच्या कोपऱ्यावर ठिवलं, आन् अनवानी गेलो. टँकरला ही गर्दी! पानी पिलो, तोंडावर मारलं, पटका नीट केला, आन् मान हलवत हलवत… सराव हो… परत आलो.

तर वाकळीवर बाया!

एक न्हाई, दोन न्हाई, वाकळ दिसंना झाली एवढ्या बाया! आन् मधी कोन? छबूबाई! आसारामची बायकू! मी लांबूनच म्हनलं, "वैनी, वाकळ माझी हाय!" तर छबूबाईनं एक ठिगळ वर करून दाखवलं, "दाजी, वाकळ केसरची हाय. ह्यो हिरवा तुकडा माझ्या लुगड्याचा, ह्यो निळा पारूच्या, ह्यो आमच्या जाऊच्या. आळीतल्या समद्या बायांची लुगडी हायेत हिच्यात, तुमचं काय हाय?"

माझ्या एका धोतराचं अस्तर हाय खालनं, पन ते चारचौघींत कसं सांगायचं?

आन् आपल्याकडचं तुमाला ठाव हाय, एकदा बाया बसल्या की ती बाजू बायांची! बिल्लेवालं पोरगं आलं आन् दोर बांधून मोकळं झालं, "बाबा, महिलांची बाजू हाय, पलीकडं व्हा." तेवढ्यात जीपीची दुसरी खेप आली, केशरबाई उतरली, बाया सरकल्या, "ये गं केसर, तुझीच वाकळ," आन् ही बसली मधोमध! जिथं मी दिसभर भाजलो तिथं! वर मला हात करून म्हनती, "अवो, तुमी तिकडं ऐसपैस बसा!"

ऐसपैस! म्हंजी कुठं? तारंच्या कुंपनाला टेकून, जनरेटरशेजारी! पायात पायतान न्हाई, ते ऱ्हायलं वाकळीवर, आनायला जायाची चोरी.

तर तिथं आसाराम. हातात घडीची खुर्ची, तोंड एवढंसं. त्याचीबी जागा गेल्याली! डाव्या अंगाला समद्या बाया. मला बगून म्हनला, "गड्या रामहरी, घात झाला."

तुमाला सांगतो, एवढ्या महिन्यात पयल्यांदा त्याचं बोलनं मला पटलं.

खुर्ची एक, म्हातारे दोन. म्हनला, "बस, अर्धी-अर्धी." बसलो. एक कुल्ला त्याचा, एक माझा. गानं सुरू झालं. म्हंजी झालं आसंल, आमाला जनरेटरच ऐकू येत हुता. पडदा दिसायचा, पन मान पार खांद्यावर वळवावी लागायची. गवळण सुरू झाली, ती दांडी फिरली, सवयीनं डाव्या अंगाला आली, थांबली… आन् पडद्यावर कोन?

केशरबाई!

गोठ्याच्या भिंतीएवढी! पदराचा बोळा तोंडाला लावल्याला, डोळं भरल्यालं, आन् मान… मान अशी सुरात हलतीया, की उभ्या जल्मात मी तिला तशी बगितली न्हाई. गानारी पोरगी स्टेजवरनं म्हनली, "त्या मावशींसाठी, पुन्हा एकदा!" समदं मैदान टाळ्या! आमच्या लग्नात बँड हुता, तवासुदिक ही अशी रडली न्हाई हो!

आन् मी? मी बगत ऱ्हायलो, मान वळवून, पार गवळण सरंपत्तोर. तर आसाराम कोपरानं ढोसून म्हनतोय, "रामहरी, तूबी आलास की पडद्यावर! त्यो बग कोपरा… पायतान तुझंच ना ते?"

माझंच. उजव्या पायाचं. आंगठा तुटल्यालं.

गानी सरली, उठायला गेलो, तर मान तिथंच! पडद्याकडं वळल्याली, ती तिकडंच ऱ्हायली. गाडीत आसारामनं त्याचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला. ह्योच त्यो. "ऱ्हाऊ दे तुला," म्हनला, "आता माझ्या मानंकडं कोन बगतंय?" आन् त्याची मान हलत हुती बरं का, डुगूडुगू, अंधारात, कुनाचं लक्ष न्हाई. वाईट वाटलं. लई न्हाई, जरासं.

आता चार दिस झालं, घरात बायांची रीघ. केशरबाईला बगाय येत्यात! "पडदेवाल्या आक्का हायेत का?" मी दारात असा बसल्याला, हिकडं तोंड करून. येती ती बाई केशरबाईचा फोटू बगती, मंग कोपऱ्यात बोट लावती, मंग माझ्या पायाकडं बगती.

अन् काल सांजच्याला, बाया गेल्यावर, केशरबाई चहा घेऊन आली. कप हातात दिला. पट्टा नीट केला. जरा बसली शेजारी. आन् म्हनली, हळूच…

"अवो, तुमीबी त्या दिशी लई मन लावून वाकळ राखली हो."

मन लावून! म्हनली! स्वताच्या तोंडानं! राखनीचं का असंना… तोंडात चहाचा घोट हुता. म्हनलं, निदान मान हलवून व्हय तरी म्हनावं…

तर मान हलंना!

ती बगत ऱ्हायली, बगत ऱ्हायली, आन् उठताना म्हनती, "चांगलं म्हनलं तरी ढिम्म! आसाराम भावजी असतं तर मान तरी हलवली असती!"

आन् म्हनं फुकाट!