लखपतीचा दिवाणखाना

सन्माननीय अध्यक्ष नारायणराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज शाळेतून निवृत्त होणाऱ्या आदरणीय शैलजाबाई, शिक्षकवृंद, आणि कारखान्यातली पाळी संपवून थेट सभागृहात आलेल्या माझ्या बहिणींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'सिल्वासाचे लखपती वाल्मिकशेठ' अशी करून दिली. टाळ्याही पडल्या. पण हल्ली लखपती असतो तरी कसा? माझ्यावरूनच सांगतो. सोफ्यावरचं प्लास्टिक तो दोन-दोन वर्षं काढत नाही. टेलिफोनला कुलूप घालतो आणि किल्ली करगोट्याला बांधतो. हसू नका अध्यक्षसाहेब, कुलूप तुमच्याकडेही आहे!

अकरा वर्षांपूर्वी भुसावळहून आलो, तेव्हा खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मी हेल्पर होतो. माझी बायको सरिता तिथेच बॉबिनी भरायची आणि पगाराला अंगठा उठवायची. शैलजाबाई शाळा सुटल्यावर आपल्या सरकारी क्वार्टरच्या ओट्यावर कामगार बायकांना लिहाय-वाचायला शिकवत. सरिता तिथे शिकली. पुढे मी वर्कशॉप टाकलं, त्याची सगळी पत्रं तिनेच लिहिली.

आता बाई निवृत्त, म्हणजे क्वार्टर सोडायचं. मग अठरा बायकांचा वर्ग बसणार कुठे? गेल्या महिन्यात बाई घरी आल्या. म्हणाल्या, "वाल्मिक, संध्याकाळी दोन तास तुझा दिवाणखाना देशील?" एवढ्या वर्षांत त्यांनी प्रथमच काही मागितलं. आणि मी काय म्हणालो? "बाई, गालिचा नवा आहे. बघतो."

बाई चहा संपवून गेल्या. सांगताना लाज वाटते. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून जेवायला आलो, तर गालिचा गुंडाळून माळ्यावर! मी काही विचारण्याआधीच सरिता म्हणाली, "शिकवाले मी हाये. तुमी फक्त चपला बाहेर काढत जा."

तर मंडळी, सोमवारपासून वर्ग आमच्याकडे. बाई, तुम्ही आपल्या गावी दापोलीला निश्चिंत जा. तुम्ही स्वतःचं घर बांधलं नाही, पण समोर बसलेल्या या बहिणींपैकी कुणाच्याही दाराशी उभ्या राहा, पहिलं पान तुमचंच वाढलं जाईल. याहून मोठी श्रीमंती मला तरी ठाऊक नाही.

मला भाषणाची सवय नाही. वेडंवाकडं काही बोललो असेन तर पोटात घाला. मला इथे उभं केलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. आणि हो बाई, एक सांगायचं राहिलंच. वर्गाच्या यादीत काल एकोणिसावं नाव चढलं. चिमाबाई, वय सदुसष्ट. माझी आई. म्हणते, "माह्या लेकाच्या घरात शाळा भरते, अन् मी काय ओट्यावर बसू?"