अठ्ठाविसाचे पेढे

…आणि ते पेढे मी वाटले हो, स्वतःच्या हाताने, नवागामच्या आमच्या अख्ख्या गल्लीत! आता तुम्हीच सांगा, कोलेस्टेरॉल कमी आलं म्हटल्यावर माणूस काय सुतक पाळेल? रिपोर्ट शेजारच्या दगाभाऊंचा, लूमच्या कारखान्यात बसून कापडाच्या घड्या घालतात ते. मी कुणाचे कागद वाचत नाही, पण तो समोरच पडला होता… म्हणजे, घडी मीच उलगडली. अठ्ठावीस! शेजारी चाळीस छापलेलं. म्हटलं, चांगलं बारा खाली आहे की!

पण त्यांची बायको प्रमिलाबाई… अशी बाई नाही हो पाहिली! प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत पळाली तरी हलली नाही. गल्ली पेढे खातेय आणि ही डॉक्टरकडे परत! मीही गेले, सोबत नको? डॉक्टरने कपाळाला हात लावला, "अरे बेन, ओछुं छे ए ज तो वांधो छे!" कमी आहे हीच तर अडचण! म्हणे हे चांगलं कोलेस्टेरॉल, नसांतला कचरा उचलणारं, ते कमी म्हणजे हृदयाला धोका. कशाने घटतं? विडीने, बसून राहण्याने, सुटलेल्या पोटाने, डालड्याने… आणि थोडं घराण्यातूनही येतं.

घराणं म्हटल्यावर प्रमिलाबाईने दिराचं सांगितलं. दगाभाऊंचा सख्खा भाऊ, धुडकू, बेचाळिसाव्या वर्षी लूमपाशी छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. आणि दगाभाऊंना नुकतंच बेचाळिसावं लागलेलं!

आपण रडलो असतो, भांडलो असतो. दगाभाऊ तर सरळ म्हणाले, "बिडी सोडू? मंग जगू कसाले?" पण प्रमिलाबाई… अशी बाई नाही हो पाहिली! श्रावणात घरी कानबाई, खानदेशची देवी, बसली, सगळे भाऊबंद प्रसादाचे रोट खायला जमलेले, आणि ही हात जोडून मोठ्याने, "आई, हे वर्षभर विडीला शिवणार नाहीत, रोज डिंडोलीपर्यंत पायी जातील, माझा नवस!" नवऱ्याला विचारलं नाही, काही नाही! दगाभाऊंच्या घशात रोटच अडकला. डॉक्टरचं मोडता येतं हो, कानबाईचं कोण मोडणार?

वर मला म्हणते, "उषाबाई, तुमची नजर बारीक, जरा मागे मागे जात जा ना." माझी खोड कामाला लावली बाईने! एकदा टपरीआड विडी ओठांत गेली, मी नुसती खाकरले… विडी गटारात!

वर्षाने आकडा अडतीस. पोट आत, बेचाळिसावं सुखरूप सरलं! डॉक्टर म्हणाला, बरं आहे, पण चालणं आता जन्मभर. प्रमिलाबाई तिथे हसली आणि घरी येऊन देवासमोर एकटीच रडली. भिंत एकच आहे, कान थोडेच बंद करता येतात?

यंदा पुन्हा कानबाई बसली. दगाभाऊ खूश, "फिटला नवस!" आणि ही पुन्हा हात जोडून, "आई, हे अजून एक वर्ष चालतील… आणि आमच्या उषाबाई मशेरी सोडतील."

अशी बाई नाही हो पाहिली… आठ दिवस झाले, राखुंडीने दात घासतेय!