दहापैकी किती

—नाही, आवाज चढवून नंबर पुढे सरकत नाही, साहेब, आणि काउंटरवर हात आपटूनही नाही. सकाळपासून चौघांनी आपटून पाहिलाय. तुमचा नंबर एकोणतीस, आत चाललाय अठरा. पाय मुरगळलाय तुमचा, मोडलेला नाही — मला झापायला त्याच पायावर दोनदा तरातरा चालत आलात, बघितलं मी! बसा. जागा नाही? मग उभे राहा, पण त्या पिवळ्या पट्टीच्या मागे.

काय म्हणालात? एवढं मोठं गाव आणि दोनच डॉक्टर? अहो, मोठं कसलं डोंबलाचं! नऊ महिने या हॉलमध्ये मी असते आणि हा पंखा असतो. बारा खाटांपैकी चार भरल्या की आम्ही म्हणतो, बापरे, आज गर्दी. मग तुमच्या सुट्ट्या लागतात आणि तलावाच्या काठी मुंगी शिरायला जागा राहत नाही — पण डॉक्टर दोनच, खाटा बाराच, ॲम्ब्युलन्स एकच. आणि ती आत्ता कुठेय, विचारा की! तलावाच्या पलीकडे. 'इथे उभे राहू नये' अशी पाटी लावलीय तिकडे, त्या पाटीला टेकून फोटो काढताना एक बाई खाली गेल्या. पाटीला टेकून! तुम्ही कुठे पडलात? खडकावर. फोटोच ना? मग मला कशाला सांगता?

कोण? त्या कोपऱ्यातल्या बाकावरचे? हो, दिलं मी त्यांना पाणी. मग? तुम्हाला हवंय का? — अच्छा, म्हणजे वशिला! ओळखीच्यांना मी मागच्या दाराने आत सोडते, असंच ना? ऐका तर मग. ते माझे बाबा आहेत. हो, सख्खे. आणि त्यांचा नंबर एकतीस आहे. तुमच्या मागे! हातात कागद आहे त्यांच्या, जाऊन वाचा. मागच्या सीझनला माझ्या मावशीला मी दोन माणसांच्या आधी आत पाठवलं, दम्याने ओठ निळे पडले होते तिचे, तर तुमच्यासारख्याच एकाने मोबाइलवर माझं शूटिंग केलं, वर तक्रार ठोकली. तीन महिने चौकशी चालली माझी. या खुर्चीवर बसून सतरा वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, आपलं माणूस असेल तर सगळ्यांच्या मागे. बाबांनाही तेच सांगितलं मघाशी. कुरकुर नाही काही नाही — "तू तुझं काम कर गं, मी बसतो," म्हणाले. चाळीस वर्षं होडी वल्हवलीय त्यांनी, तुमच्यासारखा आरडाओरडा नाही करत ते.

आणि तुम्ही? तुम्हाला मी विचारलं, दहापैकी किती दुखतंय, तर म्हणे दहा! इथे बाळंतीण आठ सांगते हो. तुम्हा पाहुण्यांचं सगळं दहाच असतं — मधमाशी चावली दहा, ऊन लागलं दहा. मग आम्ही काय करतो, सांगू? पाहुण्याने सांगितलं की पाच वजा करतो, आणि गावातल्या माणसाने सांगितलं की पाच मिळवतो. कुठे लिहिलेलं नाही हे, पण या खुर्चीवर बसणारी प्रत्येक सिस्टर हेच करते. गावचा माणूस "काही नाही, जरासं" म्हणाला की आम्ही आधी खाट मोकळी करतो. परवा सुतार आला, रुमालात हात गुंडाळून, म्हणाला एक. रुमाल सोडला तर बोटाचं पेरच निराळं! आणि आमचे बाबा तर त्याच्याही वरताण. होडीच्या साखळीत हात सापडला, तीन बोटं चिरडली. मीच विचारलं, किती? तर म्हणे एक. मुतखडा झाला तेव्हा भिंत धरून उभे होते, घामाने निथळत, तरी दोन. जन्मात दोनच्या वर गेला नाही तो माणूस.

आज? आज काय, होडी ओढताना खांदा धरलाय जरा. छातीत जड वाटतंय म्हणाले, घामही आलाय — पण उन्हातून चालत आलेत ना, रस्ताभर तुमच्या गाड्या अडकलेल्या, घाम येणारच. मी विचारलं, बाबा, दहापैकी किती? घरचं माणूस असलं तरी कागद भरावाच लागतो. म्हणाले, तीन. मी लिहिलं तीन, वर 'थांबू शकतो'वाली हिरवी चिठ्ठी चिकटवली, आणि—

तीन म्हणाले.

बाबा तीन म्हणाले... आणि मी तसंच लिहिलं. दुसरं कुणी गावातलं असतं तर दारातच आडवं केलं असतं मी, छातीला ईसीजीचं मशीन लावलं असतं, डॉक्टरांना हाताला धरून ओढून आणलं असतं... आणि माझ्या बापाला मी पाऊण तास बाकावर... तुमच्या भीतीने... नाही, तुम्ही बोलू नका. गप्प बसा! — बाबा? अहो बाबा, इकडे बघा ना. — तो पेला कधी पडला त्यांच्या हातातून? तुम्ही तिथेच उभे होतात ना? — बाबा!

सरका. अहो सरका ना मधून, जाऊ द्या मला!