अकरा व्हिडिओ आणि एक पाट

...आणि नवस मी काही चोरून बोलले नव्हते हो, चांगली देवळात उभी राहून, सगळ्यांदेखत बोलले होते, की बाप्पा, आमच्या श्रेयसच्या डोक्यातून ते गिटार काढ, तो बँड एकदाचा मोडू दे, तोवर मी प्रत्येक संकष्टी निर्जळी करीन आणि त्याचा एकही व्हिडिओ डोळ्यांनी बघणार नाही. आता मला काय ठाऊक की बाप्पा सतरा वर्षं विचार करणार? सतरा वर्षं, तुम्हाला सांगते, दोनशेच्या वर संकष्ट्या झाल्या, चंद्राची आणि माझी एवढी ओळख झाली की ढगाआडून तोच मला शोधायचा.

बँडचं नाव 'गच्चीबंद'. का, तर हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीत वाजवायचे, आणि सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप लावलं. मग कुठे वाजवणार? आमच्या हॉलमध्ये. नवस डोळ्यांचा होता, कानांचं काय करणार... पोळ्या लाटता लाटता सगळी गाणी माझी पाठ. एकदा आरतीला घंटा हातात घेतली आणि तोंडून त्यांचंच कडवं निघालं. हे म्हणाले, "चालू दे, चाल बरी आहे."

तर गेल्या महिन्यात श्रेयस, आता छत्तीस वर्षांचा घोडा, चष्मा, केस मोजके, माझ्यासमोर पेन ड्राइव्ह धरून उभा. म्हणाला, "आई, बँड बंद झाला. शेर्विन कॅनडाला चाललाय, मला एक तारखेपासून नोकरी. सगळे व्हिडिओ एकत्र केलेत, अकरा आहेत. आता बघ, तुझा नवस फळला."

मी काय करावं? देवापुढे साखर ठेवली, टीव्हीसमोर सतरंजी घातली, समई लावली, आणि पोथी ऐकायला बसावं तशी हात जोडून बसले. आणि तुम्हाला सांगते, हात जोडलेले, ते जोडलेलेच राहिले.

पहिला व्हिडिओ, गच्चीवरचा. श्रेयसचे केस खांद्यापर्यंत. शेर्विन, म्हणजे मरोळच्या ज्युलियाचा मुलगा, तो बेस गिटार वाजवतोय, आणि त्याच्या मागे पडदा कसला? माझा लग्नातला शालू! दोरीला, चिमट्यांनी! मी दिवाळीत कपाटात शोधत होते तो! आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, काय? आमचा पाट. पितळी फुलं जडवलेला, माझ्या माहेरचा, पूजेचा पाट, जो त्या वर्षी गणपतीत नाहीसा झाला आणि तो माझ्या जाऊबाईंनी नेला असं मी धरून चालले होते. सतरा वर्षं त्यांना वाण देताना मी तोंडाने हसले आणि मनात पाट मोजला. हात जोडलेले, ते जोडलेलेच.

दुसरा, खारदांड्याचा. होड्या, वारा, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले... आणि बोंबलांच्या बरोब्बर खाली माझा पाट. ज्या पाटावर सत्यनारायण बसला, त्या पाटावर वरून थेंब थेंब... नको. मी डोळे मिटले, मग आठवलं, डोळे मिटायचा नवस आता संपलाय.

पाचवा आमच्या गावचा, कोकणातला. कलमांची कामं आहेत म्हणून हे श्रेयसला घेऊन गेले होते ना? कसली कलमं! देवळापुढे आमचे हे स्वतः, टोपी घालून, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतायत: "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाचो बँड चलांदे, आणि कोण आडवा इला आसात तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!" आणि मागे शेर्विन, ड्रमवाला डेनिस, आमचा श्रेयस, सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" ड्रमसकट! आता सांगा, आडवं कोण येत होतं? मीच ना? माझ्या नवऱ्याने माझ्याचविरुद्ध देवाला नारळ दिला! मी वळून बघितलं तर हे पेपर उलटा धरून वाचतायत.

आठव्यात ज्युलिया. माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, मेणाची घरं वाहतात, हिने मेणाची गिटार वाहिली, तारांसकट, मुद्दाम करवून घेऊन. म्हणजे मी बँड मोडायला उपाशी, आणि हे दोघं दोन देवांकडे तो चालवायला. मग तो चालेल कसा आणि मोडेल कसा? सतरा वर्षं लोंबकळला बिचारा. हात जोडलेले, ते जोडलेलेच.

आणि सगळ्या अकरांत तो पाट. कधी ट्रॉम्बेच्या रस्त्याकडेला, कधी पावसात छत्रीखाली, मोकळा. शेवटच्या व्हिडिओत आमचाच हॉल, पाटाभोवती रांगोळी, कोपऱ्यांत वेडीवाकडी, म्हणजे त्यानेच काढलेली, आणि श्रेयस चष्मा लावून त्या रिकाम्या पाटाकडे बघून गातोय. मी विचारलं, "अरे, पाट सगळीकडे का नेलास?"

म्हणाला, "तुझी जागा होती ती. तू बघायला येणार नव्हतीस ना, म्हणून मांडून ठेवायचो."

त्याला म्हटलं, तो पाट आण आणि पहिल्यापासून लाव, आणि या वेळी सतरंजी काढून पाटावर बसले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना फोन केला, उगाच, तब्येत विचारायला. मग देवळात गेले. गुरुजींना म्हटलं, नवस परत घ्यायचाय. ते म्हणाले, "काकू, फळलेला नवस परत होत नाही. नवा बोला." बोलले. बाप्पा, बँड पुन्हा उभा राहू दे, एकवीस संकष्ट्या निर्जळी. मनात म्हटलं, आता अवघड काय आहे? हे माझ्या बाजूला, ज्युलिया माझ्या बाजूला, तिघं एकीकडे.

घरी येऊन यांना सांगितलं. यांचा चेहरा पडला. "अगो, गेल्या शिमग्याक मीच देवाक सांगलंय, आता पुरे म्हणान, झिलाक नोकरी लागांदे. तुझे उपास बघवत नाय माका."

ज्युलियाला फोन लावला. ती हळूच म्हणाली, "जानकी, तू पाण्यावाचून बसतेस ते बघवेना गं. सप्टेंबरात मी मेणाचं विमान वाहिलं. शेर्विनला व्हिसा मिळाला."

म्हणजे बघा, सतरा वर्षं मी अलीकडे आणि हे सगळे पलीकडे. माझी दया येऊन सगळे अलीकडे आले, आणि त्याच मुहूर्तावर मी पलीकडे जाऊन बसले. पुन्हा एकटी. पुन्हा चंद्र आणि मी.

म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते, परवा संकष्टी आहे, तुम्हीही एकेक नवस बोला गच्चीबंदसाठी, लहानसा चालेल, पाणी प्यायलात तरी चालेल, मोदक मी करून आणीन. फक्त बोलायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या... तुमच्यावर माया करणाऱ्या कुणी आधीच उलटा बोलून ठेवलेला नाही ना?