आधी चाक पोचलं

...अन् वरून मलेच म्हणते, "चाक बसवाले काय अक्कल लागते बे?" ऐका! ज्या माणसानं सायकलच्या दोन नटांपायी माझं अख्खं आयुष्य मातीत घातलं, तो श्रीधर मले विचारते, अक्कल लागते काय! लागते! तुम्हाले सांगतो, लागते! अन् त्याले मी सोडणार नाही. बुढा होऊन काठी टेकत आला तरी काठी ओढीन, पण सोडणार नाही!

काहून म्हणता? अहो, मले पोरगी पाहाले जायचं होतं ना! सक्करदऱ्याले, गोपाळरावांकडं, त्यांच्या उत्तराले. बाबा, काका सारे रिक्षानं पुढं गेले, मी कडक इस्तरीचा पांढरा शर्ट घालून सायकल काढतो, तर पुढचं चाक पंक्चर! एप्रिलातलं नागपूरचं ऊन, ट्यूब बिचारी काय करणार! आता माझं चाक मीच काढलं असतं, मीच बसवलं असतं, पण हा श्रीधर, एका ऑफिसातला, एका टेबलावर डबा खाणारा, मधात घुसला. "अबे नवरदेवा, हात काळे करून राहिला काय? तू पावडर लाव. चाक बसवाले काय अक्कल लागते?" अन् मी गेलो हो पावडर लावाले!

यानं काय केलं? पंक्चर काढलं, कबूल. पण दोन्हीकडचे वायसर एकाच बाजूले घातले अन् नट बोटानं फिरवून सोडून दिले. बोटानं! पाना कुठं होता? त्याच्याच खिशात! घरी जाऊन चड्डी-बनियनवर आला तवा सापडला त्याले!

मी आपला शीळ घालत सक्करदऱ्याले पोचलो. घर दिसलं, दारात सारे उभे, मी ऐटीत घंटी वाजवली. समोर नाली. म्हटलं, उतरून काय जायचं, पोरगी खिडकीतून पाहून राहिली असल, उडवू सायकल! उडवली... अन् चाक चिमट्यातून निसटलं अन् चाललं एकटंच! सरळ फाटकातून आत! ओसरीच्या पायरीले टेकून उभं राहिलं, शहाण्या पाहुण्यासारखं. माझ्याआधी माझं चाक पोचलं हो पोरगी पाहाले!

अन् मी कुठं? मिरचीत! गोपाळरावांच्या सासुरवाडीहून, भिवापूरहून आलेली वर्षभराची मिरची, फाटकाबाहेर लुगड्यावर वाळत घातलेली... तिच्यात तोंडावर! डोळे, नाक, कान, काही ठेवलं नाही. मंग पोहे आले म्हणतेत. उत्तरा आली म्हणतेत. आली असल! पोरगी पाहाले गेलो अन् डोळेच उघडत नव्हते! मले फक्त बांगड्या ऐकू आल्या. मी विचारलं, "आपलं ना... ना..." अन् असा शिंकलो का काकांची टोपी उडाली. गोपाळराव हळूच बाबांले म्हणते, "बाप्पा, पोरगा फारच रडते हो."

झालं! गेलं स्थळ!

आता पुढचं ऐका, पुढचं! चाक तिथंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी हा श्रीधर म्हणते, "कृष्णकांत, तू पडून राय. मी जातो, माफी मांगतो, चाक आणतो." गेला. चाक आणलं... अन् महिन्याभरात उत्तराही आणली! माफी मांगाले गेला अन् पोरगी घेऊन आला! गोपाळराव लग्नात साऱ्याइले सांगून राहिले, "दोस्ताची चूक आपल्या अंगावर घेते, केवढ्या मनाचा जावई!" अहो, अंगावर घेते म्हंजे? चूक त्याचीच होती! अन् मी त्याच लग्नात पंगतीत भाजी वाढून राहिलो!

तवापासून वाट पाहून राहिलो मी. बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागेस्तोवर सायकलच आहे त्याच्यापाशी. एक ना एक दिवस त्याचं चाक माझ्या हाती येईनच!

अन् आलं! परवाच्या रविवारी! श्रीधरसाहेब दारात, एका हातात सायकल, एका हातात चाक. "बसवून दे गा. मले जमत नाही. खाप्याले जाऊन राहिलो, लगनाले."

मी म्हटलं, ये. ये राजा!

सायकल उलटी केली, खाली पोतं टाकलं, सीटले ओरखडा नको. चाक ब्रेकच्या मधातून हळू उतरवलं, एक्सल दोन्हीकडं पार तळाले बसवला, मडगार्डची काडी, मंग वायसर, इकडं एक, तिकडं एक, मंग नट... अन् हात थांबवला. इथंच! एवढाच ठेवतो ढिला! जाऊ दे खाप्याच्या रस्त्यानं, येऊ दे एखादी नाली! मिरची नसल तर गोटे तर भेटतीनच! असं गार वाटलं सांगू मले...

तेवढ्यात मागून आवाज. "भाऊजी, नीट बसवा बरं. मी मागं बसणार आहे."

उत्तरा! हातात कॅरिअरवर बांधायची लहान गादी!

काय करू, सांगा? पाना आपोआप फिराले लागला. थोडा इकडं, थोडा तिकडं, मंग पुन्हा इकडं. चाक फिरवून पाहिलं, चिमट्यात दोन्हीकडं सारखी जागा. ब्रेक दाबून पाहिला. सायकल सुलटी करून पुढून उचलली अन् आपटली, धाड धाड! चाक हललं नाही. आयुष्यात असं चाक बसवलं नाही मी!

उत्तरा पाहतच होती. मंग हळूच म्हणते, "भाऊजी, त्या दिवशी तुमचं चाक तुम्हीच बसवलं असतं तर..."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "तर... तर काय?"

"तर आईची मिरची वाचली असती!"

मिरची! मिरची वाचली असती म्हणते! अन् हा सायकलवर टांग टाकून म्हणते, "पाहा, दोन मिनिटात झालं! चाक बसवाले काय अक्कल लागते?" अन् गेले दोघं, नालीवरून सरसर, चाकाचा आवाजसुद्धा नाही!

नाही, सोडणार नाहीच मी त्याले! फक्त ते मागं बसलेली नसल तवा... अन् ते बाई त्याले एकट्याले कुठं जाऊच देत नाही हो! म्हणते, "मी संगं पाहिजेच. आमच्या याइनं काही बसवलं असल तर त्याच्यावर माझा भरोसा नाही."